चौकटीवरचा पट्टा

विटांचे बांधकाम चालू असलेल्या एखाद्या घरापाशी थोडा वेळ उभे राहा. दारे-खिडक्यांच्या चौकटी बसल्या आणि भिंती त्यांच्या डोक्यापर्यंत आल्या, की गवंडी विटांचे थर थांबवतो. फळ्या ठोकतो, सळया टाकतो, त्यांना रिंगा बांधतो आणि काँक्रीट ओततो. हे काम नीट झाले असेल तर तो पट्टा फक्त चौकटीपुरता नसतो. तो एका भिंतीवरून दुसरीवर जातो, कोपऱ्यात वळतो आणि सगळ्या घराला वेढा घालून निघाला तिथेच येऊन मिळतो. कुणी त्याला लिंटेल म्हणते, कुणी बेल्ट. गिलावा झाला की तो दिसेनासा होतो.

तो तिथे कसा आला, हे मला सांगायचे आहे. विज्ञानाने शोधलेली एखादी गोष्ट लोकांच्या जिवाची राखण करणाऱ्या नियमात कशी उतरते, ते समजून घ्यायला महाराष्ट्रात तरी याहून चांगले उदाहरण नाही. दोन मोठे भूकंप, आठ हजारांवर मृत्यू आणि अनेकांची आयुष्यभराची मेहनत या पट्ट्यामागे आहे.

आधी पट्टा काय करतो ते पाहू. भूकंपात जमीन खालीवर हलतेच, पण घराला खरा दगा देते ती आडवी हालचाल. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचे वजन मात्र जागीच राहू पाहते. टेबलावर उभे ठेवलेले पुस्तक आठवा. त्याच्या लांबीच्या दिशेने ढकलले तर ते टिकते, मुखपृष्ठावर ढकलले तर पडते. भिंतीचेही तसेच आहे. धक्का लांबीच्या दिशेने आला तर ती तग धरते, जाडीच्या दिशेने आला तर बाहेर झुकते, कोपऱ्यात काटकोनातल्या भिंतीपासून सुटते आणि कोसळते. म्हणजे प्रत्येक धक्क्यात दोन भिंती सबळ असतात आणि दोन दुबळ्या. पट्टा या चौघींना एकत्र बांधतो आणि दुबळीचा भार सबळीकडे नेतो. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी धाव लाकडाचे सगळे तुकडे आवळून धरते, तसेच हे काम आहे.

ही युक्ती नवी नाही. १९३१ साली बलुचिस्तानात माच येथे भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार या रेल्वेतल्या अभियंत्याने क्वेट्टा परिसरातील रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे निराळ्या पद्धतीने बांधवली. विटांच्या बांधकामात जुने रूळ उभे-आडवे गुंफून घराचा सांगाडा एकत्र बांधला होता. १९३३ मध्ये त्यांनी या रचनेमागचे गणित छापले आणि त्यासोबत भारतातील भूकंपाच्या धोक्याचा एक नकाशाही दिला. दोन वर्षांनी, ३१ मे १९३५ रोजी, क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले. हजारो माणसे गेली. कुमार यांची घरे उभी राहिली.

पण कुठेतरी काही घरे उभी राहिली, एवढ्यावर देशाचा नियम ठरत नाही. ती पट्ट्यामुळे उभी राहिली, की तिथली जमीन बरी होती म्हणून, की गवंडी चांगला होता म्हणून? हे वेगळे काढायचे तर दोन घरे एकसारखी बांधायची, एकात पट्टा घालायचा, दुसऱ्यात नाही, आणि दोन्हींना सारखाच धक्का द्यायचा. रुरकी विद्यापीठात १९६० साली जय कृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप अभियांत्रिकीचे केंद्र सुरू झाले होते. तिथल्या संशोधकांनी यासाठी रेल्वेची वाघीण वापरली. रुळांवर उभ्या केलेल्या वाघिणीच्या सपाट पाठीवर विटांची छोटी घरे बांधायची आणि दुसरी वजनदार वाघीण येऊन तिच्यावर आदळू द्यायची. साध्या भिंतींची घरे कोपऱ्यात उकलून ढासळायची. पट्टा आणि कोपऱ्यात उभी सळई घातलेल्या घरांना तडे जायचे, पण ती उभी राहायची. आनंद स्वरूप आर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रयोगांतून जे जमवले, तेच पुढे भारतीय मानकांच्या कोरड्या वाक्यांत आले. पट्टा किती जाड हवा, सळया किती, खिडकी कोपऱ्यापासून किती दूर ठेवायची, असे प्रत्येक कलम कुठल्यातरी मोडलेल्या भिंतीवरून लिहिलेले आहे.

आता प्रश्न उरतो, हे सगळे करायचे कुठे? पट्ट्याला पैसे लागतात. घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून ते जातात. म्हणून धोका कुठे किती हे सांगणारा नकाशा लागतो, आणि इथे विज्ञानाचे पाय जास्त अडखळतात.

१९६२ मध्ये इमारतींच्या भूकंपरोधक रचनेसाठी देशाचे पहिले मानक निघाले, आयएस १८९३. त्यातल्या नकाशात ० ते ६ अशी सात क्षेत्रे होती. शून्य म्हणजे भूकंपाची काळजी नको. दख्खनचे पठार या नकाशात सर्वांत खालच्या क्षेत्रांत होते. ते करणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असे म्हणता येणार नाही. त्यांच्याजवळ भूकंपाच्या नोंदी होत्या, आणि दख्खनच्या नोंदी थोड्या होत्या. शिवाय जुना, टणक, स्थिर खडक हलत नाही, असे तेव्हाचे भूशास्त्रही सांगत होते.

त्याच सुमाराला साताऱ्याच्या पाटण तालुक्यात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणामागे शिवसागर जलाशय भरू लागला होता. पाणी चढू लागले तसे आसपासच्या गावांना लहान धक्के जाणवू लागले, जमिनीतून आवाज येऊ लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने तिथे भूकंपमापक बसवले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लोकांनी सांगितले, कुणीतरी ते कानावर घेतले आणि मोजायला सुरुवात केली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप आला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या आसपास माणसे गेली.

धरणातल्या एका गॅलरीत बसवलेल्या यंत्राने त्या पहाटेचा धक्का नोंदवला. धरण बांधताना त्याच्या वजनाच्या ५ टक्के इतका आडवा जोर धरला होता. यंत्राने नोंदवलेला धक्का काही क्षण गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या वर गेला होता. धरण फुटले नाही, पण माथ्यापासून साधारण एक-तृतीयांश खाली, जिथे जलाशयाच्या विरुद्ध बाजूचा उतार एकाएकी बदलतो, तिथे आडवे तडे गेले. जुन्या हिशेबाने तिथे तडा जायला नको होता. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने कोयनेची हीच नोंद घेऊन धरण हेलकावे खाते असे धरून संगणकावर हिशेब केला, आणि ताण नेमका त्याच जागी वाढत असल्याचे दिसले. धरणाला एक ठरावीक आडवा जोर लावून गणित करण्याची पद्धत अपुरी आहे, हे त्यातून उघड झाले. कोयनेची ती नोंद आजही जगभरच्या धरण अभियंत्यांना परिचयाची आहे. धरणाला त्याच बाजूने काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट केले. पुढे देशात मोठ्या धरणांसाठी भूकंपाचे कोणते आकडे धरायचे, हे तपासणारी राष्ट्रीय समिती १९९१ मध्ये नेमली गेली. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने तर ३० मीटर वा त्याहून उंच धरणांच्या मालकांवर भूकंपमापन केंद्र उभारण्याची जबाबदारी टाकली.

नकाशाही बदलला. १९७० च्या आवृत्तीत कोयना परिसर वरच्या क्षेत्रात, चौथ्यात, गेला. त्याहून मोठा बदल असा की शून्य क्षेत्रच काढून टाकले. भूकंप होणारच नाही अशी जागा आहे असे म्हणायला विज्ञानाचा आधार नाही, हे मान्य करून एक ते पाच अशी पाच क्षेत्रे केली. मला हा निर्णय या सगळ्या हकिकतीचा कणा वाटतो. शून्य पुसणे म्हणजे नवा शोध लावणे नव्हे. नोंद नसणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यात कबूल केले आहे. ही कबुली द्यायला एक शहर पडावे लागले, याचे दुःख आहेच.

आणि ती कबुली अर्धीच होती. या नव्या नकाशात मराठवाड्यातली किल्लारी पहिल्या क्षेत्रात होती, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती पोहोचवून गावे झोपली होती. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरच्या सुमारास, किल्लारी भागात धक्के बसले होते. त्यानंतर आलेल्या या ६.२ तीव्रतेच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. कोयनेच्या भूकंपाची तीव्रता साधारण एवढीच होती. फरक वस्तीच्या दाटीत होता आणि फार मोठ्या प्रमाणात घरांत होता.

मराठवाड्यातले ते माळवदाचे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. दोन-अडीच फुटांची, काही ठिकाणी त्याहून जाड दगडी भिंत. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर, मध्ये कपच्या आणि पांढरी माती. वर तुळया, किलच्या आणि त्यांवर मातीचा थर, जो दर पावसाळ्याआधी थोडा थोडा वाढत जायचा. उन्हाळ्यात अशा घरात शिरले की गार वाटते, आणि जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत असे कुणालाही वाटेल. पण हिशेब करून पाहा. अर्धा मीटर मातीचे वजन एका चौरस मीटरला पाऊण टनाच्या पुढे जाते. दहा बाय बाराच्या खोलीत निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर आठ-नऊ टन माती असते. भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारा, आरपार जाणारा लांब दगड नसतो. जमीन हलली की दोन्ही थर फुगून एकमेकांपासून सुटतात, मधली माती पाचरीसारखी खाली बसते आणि भिंत दोन्हीकडे ओसंडते. भिंत जितकी जाड, तितके दगड जास्त. खणांची, लाकडी खांब-तुळयांची घरे होती तिथे अनेकदा सांगाडा उभा राहिला आणि दगड मात्र भोवती पडले.

नकाशा चुकला म्हणून माणसे गेली, असे म्हणून मला थांबवत नाही. किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात असती तरी त्या घरांचा आराखडा कुठल्या कचेरीत गेला नसता. ती घरे गावच्या गवंड्यांनी, गावच्या दगडांनी, पिढ्यांच्या सवयीने बांधली होती. अशाच घरांसाठी, दगड-मातीच्या बांधकामाला कमी खर्चात बळ कसे द्यावे हे सांगणारे आयएस १३८२८ हे मानक १९९३ मध्येच छापले गेले. ज्ञान होते, पण ते कागदावर होते आणि गाव कागदापासून दूर होते. या दोहोंतले अंतर हाच धोरणाचा सर्वांत अवघड भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

कागदावर काय असते, ते एका उदाहरणाने पाहू. पुण्यात शाळेची दोन मजली इमारत बांधायची आहे. २००२ च्या मानकाप्रमाणे पुणे तिसऱ्या क्षेत्रात येते आणि त्याचा आकडा ०.१६. हा त्या भागात धरलेल्या सर्वांत मोठ्या धक्क्याचा. नेहमीच्या रचनेसाठी त्याचा निम्मा घेतात, ०.०८. बुटकी इमारत जमिनीपेक्षा जास्त हेलकावते, म्हणून अडीचपट, ०.२०. शाळा आहे म्हणून दीडपट, ०.३०. सांगाडा थोडा वाकून, तडकून धक्का पचवू शकतो म्हणून तिनाने भागायचे, ०.१०. म्हणजे इमारतीच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका आडवा जोर सोसेल अशी ती बांधायची.

यातले ०.१६ आणि अडीचपट हे आकडे खडक, जुने भूकंप आणि यंत्रांच्या नोंदी यांतून येतात. पण शाळेसाठी दीडपट हे कोणत्याही भूकंपमापकाने सांगितलेले नाही. मुले आत आहेत आणि भूकंपानंतर हीच इमारत आसऱ्याला लागेल, म्हणून समाजाने ते ठरवले. शेवटचा भागाकारही तसाच. मोठ्या भूकंपात इमारतीला तडे जाऊ द्यायचे, ती पुढे राहण्याजोगी उरली नाही तरी चालेल, पण ती आतल्या माणसांवर कोसळू द्यायची नाही, हा त्याचा अर्थ. प्रत्येक घर तडाही न जाता टिकेल असे बांधायचे म्हटले तर ते बहुतेकांना परवडणार नाही. किती नुकसान चालेल हे शास्त्रज्ञाने एकट्याने ठरवायचे नाही. प्राध्यापक, सरकारी अभियंते आणि बांधकाम क्षेत्रातली माणसे भारतीय मानक ब्युरोच्या समितीत बसून मसुदा करतात, तो अभिप्रायासाठी सर्वांपुढे ठेवतात आणि मग मानक निघते. आपण सामान्य माणसे तो मसुदा कधी वाचत नाही, ही आपलीच उणीव आहे. किती नुकसान चालेल या प्रश्नाचे उत्तर शेवटी आपल्याच नावाने लिहिलेले असते.

मानक निघाले तरी ते आपोआप सक्तीचे होत नाही. राज्याच्या आणि नगरपालिकेच्या बांधकाम नियमांत ते यावे लागते, आराखड्यावर सही करणाऱ्याने पाळावे लागते आणि शेवटी मिस्त्रीने हाताने करावे लागते. खांबातल्या रिंगेचे टोक घ्या. आयएस १३९२० म्हणते, ते १३५ अंशांत आत वाकवा. काटकोनात वाकवलेली रिंग धक्क्यात बाहेरचे काँक्रीट गळाले की उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब बसतो. टोक आत, खांबाच्या गाभ्यात रुतले असेल तर ती उघडत नाही. हे वाकवायला जास्त जोर आणि जास्त वेळ लागतो. दिवसाला शेकडो रिंगा वाकवणाऱ्या माणसाला त्याचे कारण कुणी समजावून सांगितले नसेल, तर तो काटकोनावर का थांबणार नाही?

किल्लारीनंतर हे समजावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने पुनर्वसनाचा प्रकल्प हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, त्याकडे साऱ्यांचे लक्ष गेले. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग, जिथे गावे जागीच राहिली आणि लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती वा मजबुतीकरण करायचे ठरले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले. सरकारी मदत कशी मिळेल, घरात काय बदलायचे, कामावर नजर कशी ठेवायची, हे त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत नेले. मजबुतीकरणाची कामे तशी साधी होती. माळवदावरची माती कमी करायची. जाड भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे, म्हणजे नसलेला आरपारचा दगड नव्याने तयार होतो. लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरका आधार ठोकायचा. पण नवे घर मिळण्याची आशा असताना जुन्या भिंतीला भोके पाडून घ्यायला कोण सहजी तयार होईल? आणि ज्या भिंतींनी घरची माणसे नेली, त्याच भिंती चार सळयांनी सुरक्षित होतील यावर विश्वास कसा बसावा? तो शेजारणीने सांगितल्यावर बसतो, परिपत्रकाने नाही.

दरम्यान विज्ञान पुन्हा मागे वळून पाहू लागले. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत खोल भोक घेतले. काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीत आणि तेरमध्ये जमिनीच्या थरांत त्याआधीच्या भूकंपांच्या खुणा शोधल्या. स्थिर म्हटलेल्या खडकातही ताण साठतो, पण इतका सावकाश की दोन मोठ्या धक्क्यांमधला काळ माणसाच्या लिखित इतिहासाहून लांब असू शकतो, हे ध्यानात येऊ लागले. २००२ च्या नकाशात पहिले क्षेत्रही गेले, दुसऱ्यात मिसळले. त्या नकाशात क्षेत्रे दोनपासून सुरू झाली, आणि किल्लारी तिसऱ्यात गेली. कोयनेत हर्ष गुप्ता आणि इतरांनी जलाशयाची पातळी आणि भूकंप यांचा संबंध वर्षानुवर्षे तपासला. पाणी किती झपाट्याने चढते याकडे लक्ष ठेवावे लागते, हे त्यातून पुढे आले. २०१७ मध्ये कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोक घेऊन झाले. भूकंप जिथे जन्मतो त्या खडकाजवळ जाऊन मोजणी करण्याचे हे काम कराडच्या प्रयोगशाळेतून चालते. तिथून जे कळेल ते कधीतरी पुन्हा नकाशात, आकड्यात आणि पट्ट्यात उतरेल.

तोवर आपल्या हातात एक दिवस असतो. घर बांधत असाल तर काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी चौकटीवरच्या फळ्यांत डोकावून पाहा. भिंतीच्या मधल्या भागात सळया बहुतेक वेळा ठीक असतात. पाहायचा तो कोपरा. एका भिंतीची सळई तिथे येऊन नुसती थांबली आहे, की वळून दुसऱ्या भिंतीत पुरेशी आत गेली आहे? रिंगांची टोके आत वळली आहेत का? काही राहिले असेल तर मिस्त्रीला त्याच संध्याकाळी सांगा. तारेने बांधायचे ते काम अर्ध्या तासाचे असते. सकाळी मिक्सर सुरू झाला की कोपरा काँक्रीटखाली जातो.